एका धारेचा भरवसा

पलूसला आमच्या शेजारी बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ राहतात. काहीही विचारा, आधी गाडीच्या किल्लीनं कान खाजवणार, मग म्हणणार, "थांब गड्या."

फौजेतून सुटल्यावर मिळालेला पैसा मी एका कंपनीच्या शेअरमध्ये घालणार होतो. तिचा नफा वर्षात दुप्पट झालेला. ते म्हणाले, "म्हैस घेताना एकच धार बघतोस व्हय रं?"

"न्हाई. इकणारा धार न काढता कास तुंबवून आणतोय. दोन-तीनदा पिळून बघायचं."

"मग हितंबी पीळ की."

त्यांनी कंपनीचा दहा वर्षांचा नफा काढला, महागाई धरून जुने आकडे आजच्या रुपयात बसवले आणि सरासरी काढली. त्या सरासरीपुढं शेअरचा भाव लय चढा निघाला. मी चिडलो, पण थांबलो.

पुढं भाव निम्म्यावर आला. "बघ, सांगितलं हुतं," असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

त्या वाचलेल्या पैशातनं घेतलेल्या म्हशीचं दूध आता रोज त्यांच्याकडं जातं. काल तांब्यात डोकावून ते म्हणाले, "आज कमी रं?"

"आवं, एका धारंवर जाऊ नगा."

किल्ली कानाशीच थांबली आणि ते खदखदून हसले.