भुलाबाईचा डबा आणि माझी कात्री

आत्या काटोलहून बसने माझ्या बेसाच्या फ्लॅटवर आली, ती पिशवीत एक गोल डबा घेऊन. तिला भुलाबाईची गाणी रेकॉर्ड करून परदेशातल्या नातीला पाठवायची होती. त्याच संध्याकाळी नात तिथल्या मैत्रिणींना जमवून भुलाबाई मांडणार होती. आमच्याकडे गाणी संपली की खाऊचा बंद डबा वाजवतात आणि आवाजावरून पोरींनी खाऊ ओळखायचा. हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी पुढचं घडलंच.

आत्या गायली झकास. मग माइकसमोर डबा खडखडवून ती स्वयंपाकघरात बायकोशी बोलायला गेली. मी मूठभर खाऊ तोंडात टाकला, रेकॉर्डिंग बंद केलं आणि कामाला लागलो.

कामाला लागलो म्हणजे क्लिपांना नावं दिली: ‘फायनल’, ‘फायनल खरं’, ‘हेच घे’. मग श्वास कापले, खोकला कापला, बांगड्या कापल्या. स्क्रीनवर आवाजाच्या रेघेत जिथे गवत उगवल्यासारखं दिसलं, तिथे कात्री. एक हात माउसवर, दुसरा डब्यात.

आत्याने हेडफोन लावून सगळं ऐकलं आणि शेवटी थबकली.

“डब्बा कुठी गेला गा?”

ती खडखड मी साफ केली, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

“गाणे तं तिच्या मायलेही येतेत. डब्ब्यासाठी आली मी एवढ्या दूर.”

त्यात काय, पुन्हा वाजव, म्हटलं. तिने डबा हलवला. डबा काही बोलेना. तिने आधी डब्यात पाहिलं, मग माझ्या शर्टावरच्या सालपटांकडे. दुसरं काही भरू म्हटलं, तर तिकडे पार्सलने खाऊ आधीच पोचलेला. वाजायला तोच हवा, आणि दुकानात जाऊन आणायला वेळ नव्हता.

घाबरून क्लिपशी खटपट करताना आठवलं, की या सॉफ्टवेअरमध्ये कापलेलं कुठे जात नाही, नुसतं दुमडून राहतं. टोक धरून ओढलं आणि खडखड परत आली. आत्याच्या बसची वेळ झाली होती, म्हणून पुढचं न ऐकताच पाठवून दिलं.

रात्री आत्याचा फोन आला. नातीने पहिल्याच झटक्यात फुटाणे ओळखले होते.

“खडखडीवरून ना?” मी विचारलं.

“नाही गा. खडखडीनंतर कोणीतरी कुरुमकुरुम खाऊन राहिलं होतं, त्याच्यावरून.”

टोक मी जरा जास्तच ओढलं होतं. आता नातीची मागणी अशी, की पुढच्या वेळी डबा वाजवू नका, काकांनाच खायला बसवा.