मिठाच्या गाण्यातलं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि माझं काही तिच्यापासून लपत नाही, असा तिचा समज आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगतोय. गाणं मात्र ऐकलं असेल. 'वैजू गं, मीठ विसरलो' — जव्हार-मोखाड्याकडच्या एखाद्या हळदीला आला असाल तर चुकलं नसेलच.

ते माझं नव्हे. म्हणजे चाल माझी, कॅसिओ माझा. बोल दामूकाकांचे. खोडाळ्याच्या पलीकडे आमचा पाडा, तिथलेच काका. ते गायचे नाहीत, नुसतं बोलायचे. हळदीला कुणीतरी म्हणायचं, "काका, मिठाचं होऊन जाऊ दे," की रिकामी पिशवी घेऊन उभे राहायचे. बाजारातून मीठ सोडून सगळं घेऊन आलेला नवरा दारात बायकोला कारणं सांगतोय — जीपला गर्दी होती, मेहुणा भेटला, मीठवाल्याचं तोंडच आवडलं नाही. समोर बायको नसायचीच; काका मांडवाच्या खांबाशी बोलायचे. तिला नावही नव्हतं. नुसतं "अगं, ऐक तर." एकेका कारणासरशी नवरा जास्तच फसायचा आणि हसून हसून आमची मुरकुंडी वळायची.

मी ते फोनवर रेकॉर्ड केलं आणि जव्हारच्या एका स्टुडिओत गाणं बसवलं. काकांना विचारून — एवढं तरी खरं आहे. पण "अगं, ऐक तर" ठेक्यात बसेना. दोन अक्षरांचं नाव हवं होतं. काय कमी नावं आहेत? मी वैजू घातलं.

का? — इथे माझी जीभ अडते.

वैजू काकांची भाची, सख्ख्या बहिणीची मुलगी. आमच्याच पाड्यावर दिलेली. अंगणवाडीत मदतनीस होती, पोरांची खिचडी शिजवायची. एका लग्नात गाताना माझा आवाज फाटला, तेव्हा ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "याला वाजवू द्या रं, गायला नका लावू." लोक हसले. बस, एवढंच. एवढ्याचा राग मी धरून बसलो होतो. सहज जुळलं म्हणून घातलं, असं स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. खोटं आहे ते. घालताना मला मजा येत होती.

गाणं चाललं. जीपमध्ये, फोनवर, सगळीकडे. आणि नाव आलं तसं हसू नवऱ्याला सोडून बाईच्या मागे लागलं. वैजू रस्त्याने निघाली की टपरीवरची पोरं विचारायची, "वैजू, मीठ देतेस का?" कशी विचारायची, ते तुम्हाला कळलंच असेल. तिचा नवरा भिवंडीला कामाला. त्यालाही कुणीतरी गाणं पाठवलं. तो आला, भांडला आणि तिचं अंगणवाडीतलं काम सुटलं.

मग तिचा सासरा माझ्याकडे आला. नाव कुणी घातलं? मी म्हणालो — "काका बोलले तसंच घेतलं." रेकॉर्डिंग तेव्हा माझ्या खिशातच होतं. तो वळला आणि मी ते पुसून टाकलं.

मग सासऱ्याने काकांना विचारलं. हळदीला थोडी घेतलेली असायची, सगळं कुठे आठवणार? "असंल," म्हणाले. "माझ्याच तोंडातून गेला असंल." माझ्यावर संशयसुद्धा घेतला नाही त्यांनी. वैजूच्या दारात गेले, तेव्हा मीही सोबत होतो — न जाऊन कसं चाललं असतं? म्हाताऱ्या मामाने भाचीपुढे हात जोडले. "पोरी, जीभ घसरली माझी." मी बाजूला उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. मी चपलेकडे बघत राहिलो.

"घरी जा तू, मामा," वैजू म्हणाली. आत ये, म्हणाली नाही.

त्यानंतर काकांनी मिठाचं कधी केलं नाही. कुणी आग्रह केला तर हात हलवतात. "नको रं. काय बोलंन, माझा मलाच भरवसा नाही."

यंदा लग्नसराईत एका मांडवात काका समोरच बसले होते. पोरांनी गाण्याची फर्माईश केली. मी सुरू केलं. पहिल्याच ओळीला नाव आलं, पोरं ओरडली आणि काका काठी टेकत उठून बाहेर गेले. मी पाहिलं त्यांना. आणि पुढचं कडवं घेतलं.