गुणी पोरगी

आमच्या हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या घरी पाहुणा आला की लेकरांची परीक्षा ठरलेली. वडील देवळात पुजारी, त्यामुळे पाहुण्यांना तोटा नव्हता. चुलीवर चहाचं आधण ठेवलं जायचं आणि तेवढ्या वेळात आम्ही भावंडांनी काहीतरी म्हणून दाखवायचं. दादा घडाघडा स्तोत्र म्हणायचा. माझी पाळी आली तेव्हा मी सतराच्या पाढ्यात अडकले. पाढा येत होता मला, पण समोर चार मोठी माणसं टक लावून बसली होती. पाहुण्यांतले एक काका हसले. म्हणाले, "राहू द्या, काहून तकलीफ देता लेकराला? जा बाई, पाणी आण."

मी पाणी आणलं. भांडी काठोकाठ न भरता, बुडं पुसून, बोट आत न बुडवता. "गुणी हाय पोरगी," सगळे म्हणाले. मला इतकं बरं वाटलं की त्यानंतर दारात चप्पल वाजली की मी आपण होऊन स्वयंपाकघरात पळायचे.

शाळेतले गुरुजी वडिलांच्या ओळखीचे. तपासणीला साहेब यायचे तेव्हा हुशार पोरं पुढच्या ओळीत, आणि मला म्हणायचे, "तू पाण्याचं बघ गं." कुणी मारलं नाही, कुणी ढ म्हटलं नाही. सगळे चांगलेच वागले. रागवायचं कुणावर, हेच कळत नाही, आणि त्याचाच जास्त शीण येतो.

आता मी हिंगोलीत एका कार्यालयात कारकून आहे. माझ्याच टेबलाच्या कामावर बैठक चालू असते आणि मी पाण्याच्या बाटल्या मांडत असते. शिपाई आरामात भिंतीला टेकून बघतो. पूर्वी घरी येऊन स्वतःवर चिडायचे. आता तेवढंही त्राण उरत नाही.

मुलगी तिसरीत आहे. तिच्याबाबतीत एकच ठरवलं होतं, पाहुण्यांपुढे तिला काही म्हणायला लावायचं नाही. कधीच लावलं नाही. परवा पालक सभेला गेले, ती शेजारी उभी होती. बाई कौतुकाने म्हणाल्या, "अभ्यासात बेताचीच आहे, पण फार गुणी. शाळेत कुणी आलं की सांगावं लागत नाही, पाणी घेऊन हजर."

पोरगी खुलली. ते खुलणं माझ्या ओळखीचं होतं.

"कुणी शिकवलं गं?" बाईंनी विचारलं.

"आईनं. आई ऑफिसात पण सगळ्यांना देते."

"बाई, तिला काहीतरी विचारा ना," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच असावा. बाईंनी आठाचा पाढा म्हणायला सांगितला. आदल्याच दिवशी भाकरी थापताना आम्ही दोघींनी तो म्हटला होता, एकदाही न चुकता.

"आठ एके आठ, आठ दुणे सोळा..." ती थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, ऊन हाय लई. पाणी आणू तुला?"

"नको. पाढा म्हण."

तिची नजर दाराजवळच्या माठाकडे गेली. मागे पालकांची रांग होती. बाईंनी घड्याळाकडे बघितलं. "जाऊ द्या हो ताई. जा बाळा, आण पाणी."

ती पळाली. परत आली तेव्हा पेला काठोकाठ नव्हता, बूड नीट पुसलेलं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"गुणी गं माझी बाय," मी म्हटलं, आणि पाणी प्यायले.