खाली आणलेला वर्ग

इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणारी ही बाई शाळेच्या पालक समितीची अध्यक्ष झाली, तेव्हा तिच्या जावेनं हसून विचारलं होतं, या लष्कराच्या भाकऱ्या भाजायला तुला कुणी सांगितलंय? पण दुखणं तिच्या घरचंच होतं. लेकीच्या पायांत जन्मापासून बळ नव्हतं. चौथीपर्यंतचे वर्ग तळमजल्यावर होते, तोवर निभावलं. पाचवीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. रोज सकाळी बाप तिला पाठुंगळी घेऊन जिना चढायचा आणि चाकांची खुर्ची खालीच राहायची. एकदा वर बसली की शाळा सुटेपर्यंत पोर पाण्याचा घोट घ्यायची नाही, कारण संडास खाली होता.

हे कळलं तेव्हा आईनं कंबर कसली. मुख्याध्यापकांनी आधी गोड बोलून वाटेला लावलं, मग जागाच नाही म्हणाले. शिक्षण खात्यातल्या साहेबांनी वरच्यांकडे बोट दाखवलं, वरच्यांनी खालच्यांकडे. बाई हटली नाही. कामावरून सुटली की तशीच, अंगाला वाफेचा वास घेऊन, खात्याच्या बाकड्यावर जाऊन बसायची. दारोदार फिरून तिनं पालक गोळा केले, चारचौघांत तोंड उघडायला घाबरणाऱ्या आयांना बोलतं केलं. शेवटी पुढच्या वर्षी ऐन थंडीत सामानाची खोली रिकामी झाली आणि लेकीचा सहावीचा वर्ग खाली आला. धुलाईघरातल्या बायका तेव्हापासून तिला ‘अध्यक्षीणबाई’ म्हणू लागल्या.

वर्ग मात्र कोंदट होता. खिडकी एकच, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. वर खेळतं वारं होतं, मैदान दिसायचं. पोरांनी राग काढला तो लेकीवर. तुझ्यापायी आम्ही या बिळात आलो, असं सुनावून मैत्रिणी दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. पोरीनं ते बरेच दिवस पोटात ठेवलं. एका संध्याकाळी आई वेणी घालत असताना ती म्हणाली, “आई, आता पुरे कर. मला परत वर जाऊ दे.”

“वेडी आहेस का? केवढं भांडून मिळवलंय.”

“मी कुठं मागितलं होतं?”

आईनं वेणी घट्ट ओढली आणि विषय बदलला. आणखी एक खिडकी पाडून घेऊ, पोरंही मग विसरतील, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

हिवाळा सरता सरता लेकीच्या छातीत कफ साठला. छाती पहिल्यापासूनच नाजूक होती. आईनंच इस्त्री केलेल्या चादरीवर, त्याच इस्पितळात, पोर गेली. वर्गातल्या कोंदट हवेचा याच्याशी काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं, कारण ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

त्यानंतरच्या बैठकीला ती गेली. खिडकीचा विषय तिला मांडायचा होता. मुख्याध्यापक मान खाली घालून म्हणाले, ज्यांचं मूल शाळेत आहे त्यांनाच समितीत बसता येतं, नियमच तसा आहे. माणूस वाईट नव्हता. तिनं ज्यांना बोलायला शिकवलं त्या आया गप्प बसून राहिल्या. ती उठली, खुर्ची नीट आत सरकवली आणि बाहेर पडली. खिडकीचा विषय पुढं ढकलला गेला, तो ढकललेलाच राहिला.

वर्षभरानं धुलाईघरात एक नवी बाई कामाला लागली. तिच्या मुलाला कमी ऐकू यायचं. वर्गात त्याला सगळ्यांच्या पुढं एकटं बसवावं म्हणून तिला मुख्याध्यापकांना भेटायचं होतं.

“अध्यक्षीणबाई, तुम्ही सोबत चला. मला एकटीला दाद देणार नाहीत.”

“येईन. पण आधी पोराला विचार, त्याला कुठं बसायचंय.”

“लहान आहे हो तो. त्याला काय कळतंय?”

ती चादरीच्या एकाच कोपऱ्यावरून इस्त्री फिरवत राहिली, कापड तापून करपट वास यायला लागला तरी. मग इस्त्री उचलून बाजूला ठेवली.

“तरी विचार,” ती म्हणाली आणि पाठ फिरवून, तोंड पुसायला पदर शोधू लागली.