परवाना नसलेला हात

१९८०च्या सुमारास भंडाऱ्याच्या रजिस्ट्री कचेरीसमोर, चिंचेखाली एक दस्तलेखक रोज बसायचा. जमिनीची खरेदीखतं लिहिण्यात त्याचा जन्म गेला होता. खिशात शाई भरलेला पेन असायचा, पण तो लिहायचा मात्र नाही. बांधावरून सख्ख्या भावाशी मारामारी झाली, पोलीस केस झाली आणि निकाल लागेपर्यंत त्याचा परवाना स्थगित केला होता.

मी शेत घेतलं, तेव्हा दुसऱ्याने लिहिलेलं माझं खरेदीखत नोंदणीला देण्याआधी त्याने मागून घेतलं. ओळींवरून फिरणारं त्याचं बोट एके ठिकाणी थांबलं.

"या वावराचं खत मागं मीच लिवलं होतं. पान्याची बोडी, थे लहानसं तळं, पूर्वेले हाये, यानं पश्चिमेले लिवली."

त्याने पेनाचं टोपण काढलं, कागदाकडे पाहिलं आणि टोपण परत लावलं.

"ज्यानं लिवलं त्याच्याकूनच दुरुस्त करून आना. माहा हात आता चालत नाही. लोकायच्या चतुःसीमा जन्मभर बराबर लिवल्या, अन् माह्याच बांधावर चुकलो."

दुरुस्ती करून मी परतलो, तर त्याने दोन्ही हात पुढे केले.

"वाचायले नाही मांगत," तो म्हणाला. "शाई ओली हाये तवर जरासा हातात धरू द्या."