न खोदलेली बाग

माझ्या थोरल्या साडूंइतका शब्दाचा पक्का माणूस उभ्या बुलढाणा जिल्ह्यात झाला नसेल, आणि त्या पक्केपणाचा इतका त्रासही दुसऱ्या कोणी दिला नसेल. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून त्यांची हयात गेली. पेन्शनीत निघाले तरी टेप खिशातच. लग्नाच्या पंगतीत बसण्याआधी ते दोन पाटांमधलं अंतर मोजत, आणि सारखं नसलं तर वाढप्यांना थांबवून सगळी ओळ सरकवायला लावत. "सुरुवात वाकडी झाली का शेवटलोग वाकडंच जाते," हे त्यांचं मत रस्त्यांविषयी होतं आणि जावयांविषयीही.

मेहकरला त्यांनी भाड्यानं घेतलेल्या बंगल्यापुढे सुरेख लॉन होतं. मालकीणबाईंच्या डॉक्टर यजमानांनी ते हौसेनं लावलेलं. डॉक्टर गेल्यावर बाई मुलाकडे अमरावतीला राहायला गेल्या. किल्ली देताना त्यांची एकच अट होती: लॉनला कुदळ लावायची नाही. साडूंनी शब्द दिला. पुढे टंचाईचे दिवस आले, रेशनवर मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी मिळू लागली, आणि साडूंच्या डोक्यात भाजीपाला शिरला. कुदळ त्यांनी खरोखरच लावली नाही. लॉनवर जुनी वर्तमानपत्रं भिजवून थरावर थर अंथरले, त्यावर गुडघाभर उंच विटांचे पाच वाफे रचले, तेही ओळंबा धरून, आणि जानेफळहून बैलगाडीनं काळी माती अन् शेणखत आणून भरलं. मेहुणीनं विचारलं, "वांगे लावून राह्यले का धरण बांधून राह्यले तुमी?" मी अटीची आठवण दिली तर म्हणाले, "म्या खोदलं कुठी? रचलं."

वांगी अशी लागली की आम्ही भरीत खाऊन थकलो. आणि एका दुपारी, काही न कळवता, बाई फाटकात उभ्या राहिल्या.

"गवत कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"खाली हाय, बाई. कुदळ नाई लावली," असं म्हणत साडूंनी मोठ्या विश्वासानं एका कोपऱ्यातल्या विटा काढल्या, माती सारली, कागद उचलला. खाली काळपट कुजका चोथा होता. त्यांनी तो चिमटीत घेऊन चोळून पाहिला. मग म्हणाले, "चुकलं माहं, बाई." वीस वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

बाई रागावल्या नाहीत. कडुनिंबाजवळची जागा दाखवून एवढंच म्हणाल्या, "संध्याकाळी ते इथं खुर्ची टाकून बसत. बाकीचं राहू द्या."

दुसऱ्याच दिवशी साडूंनी तिथले दोन वाफे मोडले आणि पोतं घेऊन बांधाबांधानं हरळी मागत हिंडले. एक शेतकरी थक्क होऊन म्हणाला, "साहेब, हे आमी जलमभर उपटून फेकतो अन् तुमी घरी नेऊन राह्यले?" साडू म्हणाले, "मले पाह्यजे. मुळासकट द्या."

हिवाळ्यात बाई पुन्हा आल्या, तेव्हा मी तिथेच होतो. कडुनिंबाखाली हिरवळ धरली होती. साडूंनी खुर्ची आणून ठेवली. बाई बसल्या. पाहुण्याला दोन मिनिटं गप्प बसू न देणारे साडू पार टोकाच्या वाफ्याकडे गेले आणि बाईंकडे पाठ करून वांगी तोडू लागले. तोडण्याजोगी वांगी केव्हाच संपली, तरी बाई उठेपर्यंत ते तसेच वाकून राहिले.