पत्राचं कौतुक झालं

मुलाखत पुण्याच्या एका कंपनीची होती आणि मी ती कुंभकोणमच्या आमच्या घरात, मागच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसून दिली. खिडकी घट्ट लावून घेतली होती, कारण शेजारी पितळी भांड्यांचं दुकान आहे आणि तिथे दिवसभर काही ना काही आदळत असतं.

काम घरी बसून करायचं होतं. औषधांची, मिक्सर-कुकरची तमिळ माहितीपत्रकं मराठीत आणायची. जाहिरात वाचली तेव्हा वाटलं, ही जागा माझ्यासाठीच निघाली आहे. आम्ही तंजावरी मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. आमची घरची मराठी फार जुनी, महाराष्ट्रापासून तुटलेली. हे ठाऊक होतं म्हणूनच मी पुस्तकं मागवून, बातम्या ऐकून आजची मराठी शिकून घेतली होती. लिहिताना ती मला नीट येते. बोलताना घाबरले की मात्र तोंडातून घरचीच निघते.

त्या दिवशी तशीच निघाली. मुलाखत घेणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या, चाळिशीच्या आसपास. मी म्हणाले, "आपण बोलावलेंत, मजला बहुत संतोष जाहला." त्या खुदकन हसल्या. "किती गोड बोलता हो तुम्ही! परत म्हणा ना." मी परत म्हणाले. त्यांनी आणखी दोघांना कॅमेऱ्यासमोर बोलावून घेतलं आणि मला तिसऱ्यांदा म्हणायला लावलं.

त्याआधी मी एका खोकल्याच्या औषधाचं पत्रक करून पाठवलं होतं. त्यात त्यांना एकच शब्द खटकला. "‘तत्क्षणी डॉक्टरांना भेटा’ असं कुणी म्हणत नाही हो आता. ‘लगेच’ म्हणायचं." बाकी सगळं चोख आहे, असंही त्याच म्हणाल्या.

संध्याकाळी पुण्यात दिलेल्या माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ती एका ऑफिसात माणसं नेमायचं काम बघते. "अक्का, आजच आभाराची मेल टाक," ती म्हणाली. "चार ओळींची. मुलाखतीत झालेली एखादी गोष्ट आठवणीनं लिही, म्हणजे त्यांना तू लक्षात राहशील. आणि काम करायची इच्छा आहे हे स्पष्ट सांग."

मी आजच्या मराठीत चार ओळी लिहिल्या आणि अप्पांना वाचून दाखवल्या. अप्पा, माझे वडील, सहकारी भांडारातून निवृत्त झालेले; वेळ भजनात आणि जुन्या पोथ्यांत जातो.

"बरें लिहिलीस," ते म्हणाले. "पण ‘धन्यवाद’ म्हणून तोडून कां टाकतीस गे? थोरांस लिहितांना असें लिहूं नये." मग मी त्यांच्या मनासारखं पुन्हा लिहिलं. त्या बाईंना माझं बोलणं गोड वाटलं होतं. वाटलं, हेही आवडेल. पत्र असं झालं: आपण वेळ काढून मजशी बोललांत, तेणें बहुत संतोष जाहला. ‘तत्क्षणी’ टाकून ‘लगेच’ लिहावें, ही आपली सूचना ध्यानीं ठेविली आहे. काम सोंपविल्यास मन लावून करीन. एवढंच. पाठवताना खरंच बरं वाटलं. कुणाचे आभार मानायचे तर ते आपल्या भाषेत मानावेत, असं तेव्हा मला वाटत होतं.

उत्तर आलं नाही. आठवड्याभरानं बहिणीनं मला एक फोटो पाठवला, खाली फक्त ‘अक्का, हे तुझंच ना?’ त्या बाईंनी माझं पत्र नाव झाकून फेसबुकवर टाकलं होतं. वर लिहिलं होतं, ‘आज इतिहासानं मला मेल केली!’ खाली लोकांची रांग लागली होती. कुणाचे डोळे भरून आले होते. कुणी विचारत होतं, बाई घोड्यावरून मुलाखतीला आल्या होत्या का. एकानं लिहिलं होतं, यांना संग्रहालयात ठेवा. त्याला बाईंनी हसरा चेहरा पाठवला होता. सगळ्यांत जास्त गंमत ‘तत्क्षणी’ आणि ‘लगेच’च्या ओळीची झाली. ती मी गंमत म्हणून लिहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना फोन केला. "अहो, तुम्हीच का त्या! तुमच्या पत्रानं आमचं अख्खं ऑफिस खूश आहे."

"आणि कामाचं काय, मॅडम?"

"ते ना... आम्ही नागपूरच्या एका मुलाला घेतलं."

"त्यांना तमिळ येतं?"

"तमिळ कम्प्युटर करून देतो हो आता. आम्हाला आजची मराठी हवी होती. तुमची फारच सुंदर आहे, पण लोकांना कळायला नको का?" मी पाठवलेल्या पत्रकाची आठवण दिली. ते त्यांना आठवत नव्हतं. "बरं, एक विचारू? ते पत्र तुमच्याच आवाजात वाचून पाठवाल? लोक मागतायत." मी नाही म्हणाले आणि फोन ठेवला.

अप्पा दारातच उभे होते. त्यांच्यापर्यंत तो फोटो नातेवाइकांकडून आधीच पोचला होता आणि त्यांनी तो भजनातल्या मंडळींना दाखवलाही होता. "आपली भाषा इतके जण वाचतात," ते म्हणाले. "नको कां म्हणालीस?"

"अप्पा, ते हसतायत आपल्याला."

"हसेनात कां. वाचतात ना?"

चार-पाच दिवसांनी मी बाजारातून परतले तेव्हा ते पुढच्या खोलीत धुतलेलं धोतर नेसून, खुर्चीत ताठ बसून, माझ्या मावसबहिणीशी फोनवर बोलत होते. त्यांनी ते पत्र स्वतः वाचून, रेकॉर्ड करून तिच्याकरवी बाईंना पाठवलं होतं. मला त्यांनी ते ऐकवलं. आवाज खणखणीत होता, कुठेही अडखळले नव्हते. ‘काम सोंपविल्यास मन लावून करीन’ हे माझं वाक्य पंचाहत्तरीचे अप्पा अशा थाटात म्हणत होते, जणू ते एखादं स्तोत्र आहे. मी पिशवीतली भाजी काढून ठेवली.

पुढे मला जवळच्या नाचियारकोविल गावात पितळी समयांच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरी मिळाली. परगावच्या गिऱ्हाइकांना इंग्रजीत पत्रं लिहिते. मालकांनी तमिळमध्ये दोन प्रश्न विचारले आणि सोमवारपासून यायला सांगितलं. बसनं जाते, बसनं येते.

घरी आले की अप्पा विचारतात, "आलीस? काफी घेतीस?" मी तमिळमध्ये उत्तर देते. ठरवून नाही, पहिल्यांदा तसं झालं तेव्हा माझ्याही ध्यानात आलं नाही. त्यांच्या आलं. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि काफी आणायला आत गेले. ते अजूनही माझ्याशी मराठीतच बोलतात. मला मात्र त्यांच्यासमोर मराठीत तोंड उघडलं की कुणीतरी परत म्हणायला सांगेल असं वाटतं.